वस्तादांची पहिली शिवी

मी सांगायला गेलो तेव्हा ज्ञानू वस्ताद तालमीच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. मला बघून त्यांनी ताटलीतला निम्मा लसूण माझ्या पुढ्यात सरकवला. म्हणजे बस आणि सोल. वस्तादांकडे रिकाम्या हातानं बसायची सोय कधीच नव्हती.

"बोल हंबऱ्या. तोंड का पाडलंयस? लेथ बंद पडलं व्हय?"

"लेथ चालू हाय. मैदानाचं बोलाय आलोय."

"मैदान बी चालू हाय की."

मैदान कुठलं चालू! समोर दिसतच होतं. निम्म्या भागात चारचाक्या लागलेल्या. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी घराचा पाडलेला राडारोडा, दुसऱ्या कोपऱ्यात मांडववाल्याचे बांबू. उरलेल्या तुकड्यात आमची वाघजाई तालीम फुटबॉलची प्रॅक्टिस करायची. महिन्यापूर्वी आमचा राइट विंगचा पोरगा मांडवाच्या खुंटीला अडकून पडला आणि त्याचा गुडघा गेला तो गेलाच. कोल्हापुरात पेठेची टीम म्हणजे पेठेची अब्रू, आणि आमची अब्रू गाड्यांच्या बंपरमधनं वाट काढत होती.

मी त्या वेळी तालमीचा सेक्रेटरी होतो. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप. सकाळी प्रॅक्टिस, दिवसभर लोखंड, संध्याकाळी तालमीतली भांडणं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. टीम हरली की सेक्रेटरी नालायक, जिंकली की पेठेची पुण्याई. पोलिसांनी पोरं उचलली की सोडवायला सेक्रेटरी, सोडवून आणली की उशीर का केला म्हणून शिव्या खायलाही सेक्रेटरीच. मी दमलो होतो. खोटं कशाला बोलू?

"उदाजीरावांनी जागा बघितलीया," मी म्हणालो. उदाजीराव नलवडे म्हणजे आमचे अध्यक्ष, बांधकामवाले. "केर्लीच्या अलीकडं. त्यांचंच रान हाय. सपाट करून गवात लावलंय. न्हाणीघर हाय, जाळीचे गोल हायत. सकाळी पाचला चौकातनं बस. रोजची प्रॅक्टिस आता तिकडं करायची म्हंत्यात."

वस्तादांनी एक पाकळी सोलली. दुसरी सोलली.

"गवात बरं हाय?"

"बरं हाय."

"पोरास्नी आवडलं?"

"आवडलं."

"मग न्या की."

मी रात्रभर उत्तरं घोकून आलो होतो. ते म्हणणार, पेठेची टीम पेठेतच राहणार. मी म्हणणार, पोरांच्या गुडघ्यांचं बघा. ते म्हणणार, मी मेल्यावर न्या. मी म्हणणार, असं काय बोलता. सगळी तयारी वाया गेली.

"तुमी बी चला. पुढची सीट तुमची."

"मला बस लागती," वस्ताद म्हणाले. "आनि मी येऊन करू काय? तितं शिट्टीवाला सर हाय न्हवं?"

शिट्टीवाला म्हणजे उदाजीरावांनी आणलेला नवा कोच. आमच्या मैदानावर शिट्टी कधी वाजलीच नव्हती. तालमीला लागूनच वस्तादांची खोली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पहाटे जो पोरगा पहिला येईल त्यानं वस्तादांच्या भिंतीवर बॉल हाणायचा आणि वस्तादांनी आतून शिवी द्यायची, ही आमची रीत. पहिली शिवी पडली की प्रॅक्टिस सुरू. ती माझ्या आधीपासून चालत आली होती. वस्ताद तापानं फणफणले असले तरी आतून शिवी यायची, फक्त आवाज घोगरा असायचा. पोरं म्हणायची, शिवी न खाता मैदानात उतरलं की पाय जड पडतात.

उठताना वस्तादांनी माझ्यापुढचा लसूण बघितला. "एवढाच सोललास? तुझ्यापरास शेवंता बरी."

शेवंताकाकू शेजारच्या. वस्तादांची दोन वेळची भाकरी त्यांच्याकडची. त्या दारातच उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला गल्लीच्या तोंडाशी गाठून म्हणाल्या, "न्हाई म्हनला न्हाई, म्हनून खूश हुयाचं कारन न्हाई हंबीरा. त्यो मानूस तुमच्या जिवावर जगतोय. पोरं गेली की आठ दिस काढायचा न्हाई. मी सांगून ठेवती. पाप तुझ्या डोक्यावर."

"काकू, असं बोलू नका."

"मी बोलती. बाकीचे मनात म्हंत्यात."

बाकीचेही काही मनात ठेवून बसले नाहीत. चौकातला तालमीचा फळा बंडा पेंटर लिहायचा. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं, सगळं त्या फळ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर लिहिलं होतं : 'पेठ सोडून केर्लीला निघालेल्या पाहुण्यांना प्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा.' भोवती रंगीत खडूनं वेलबुट्टी. बंडाला मी विचारलं, तर म्हणाला, "अक्षर कसं आलंय ते सांग."

टोमण्यांचं मला काही वाटत नव्हतं. कातडी कधीच निबर झाली होती. पण काकूंचं बोलणं डोक्यातनं जाईना. माझे वडील मी सातवीत असताना गेले. त्यानंतर पायात पहिले बूट घातले ते वस्तादांनी, आणि मॅट्रिक नापास झालो तेव्हा कानाखाली जाळ काढला तोही वस्तादांनीच. पुढे लेथवर चिकटवलं तेही त्यांनीच. आणि आता त्यांच्या भिंतीवर हाणायचा बॉल मीच उचलून नेत होतो. वस्तादांना काही झालं तर मला पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. आणि पेठेचं राहू द्या, मलाच माझ्यासमोर उभं राहता आलं नसतं.

तरी मी बस ठरवली. पोरांचे गुडघे डोळ्यांपुढे होते.

पहिल्या दिवशी पहाटे चौकात बस लागली. पोरं गुपचूप चढली. एरवी ही पोरं मयतीलासुद्धा गप्प बसत नाहीत. आमचा गोली इर्शाद बागवान बॉल काखेत धरून शेवटपर्यंत खाली उभा होता. वस्तादांच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा, जाता जाता एक हानू?"

"नको. झोपू दे त्यास्नी."

"सवयीनं उठलेच असतील की."

"चढ इर्शाद."

बस सुटली. गंगावेस मागे पडली, शिवाजी पूल गेला, आणि उजाडता उजाडता आम्ही केर्लीच्या त्या मैदानावर पोचलो.

मैदान खरोखर चांगलं होतं. दवानं भिजलेलं गवत, चारी बाजूंनी ऊस. ना गाडी, ना बांबू. कोचनं शिट्टी वाजवली आणि पोरं पळायला लागली. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच प्रॅक्टिस चालू असताना मला कुणी हाक मारत नव्हतं. कट्ट्यावरचा एकही पेन्शनर 'सेक्रेटरी, त्या बॅकला घरी पाठव' म्हणून ओरडत नव्हता. थर्मासमधला चहा मी एकट्यानं, गरम गरम प्यालो. इतकं बरं वाटलं की डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात बंडाचा फोन आला.

"हंबीरदा, वस्ताद दार उघडंनात."

"झोपले असतील."

"वस्ताद? आता सात वाजून गेल्यात. काकू भाकरी घेऊन मगापास्नं उभी हाय. हाका मारल्या, दार बडवलं. आतनं कडी हाय. खिडकी बी लावून घेतलीया."

"परत बडव."

"अख्खी गल्ली बडवालीया दादा."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो होतो. इर्शाद गोलमधनं माझ्याकडेच बघत होता. त्यानं हातातला बॉल खाली टाकला नाही, तसाच घेऊन चालत आला.

"वस्ताद काय?"

 माझ्या तोंडावरनं त्याला कळायचं ते कळलं. त्यानं वळून बाकीच्यांना हाक मारली, "चला रे!" आणि सगळी टीम शिट्टी सोडून बसकडे पळत सुटली. कोच मागून "अरे थांबा" म्हणत होता. बूट काढायलाही कुणी थांबलं नाही.

बस परत निघाली. मी पुढच्या सीटवर बसलो होतो, जी वस्तादांसाठी ठेवली होती. मनातल्या मनात मी वाघजाईला काय काय कबूल केलं ते आता सांगत बसत नाही. एवढंच म्हणत होतो की आठ दिवस तरी, आई, निदान आठ दिवस तरी दे. एका दिवसात नको.

पेठेत पोचलो तर तालमीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बाजूला झाले. शेवंताकाकू फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "सांगितलं हुतं तुला." मग पदर तोंडाला लावला. मागोमाग उदाजीरावांची गाडीही आली, पण ते गर्दीत शिरले नाहीत. गाडीपाशीच उभे राहिले.

मी दारावर थाप मारली. "वस्ताद! मी हंबीर. दार उघडा."

आतून काही नाही.

इर्शादनं मला बाजूला केलं. चार पावलं मागे गेला, बॉल खाली ठेवला आणि भिंतीवर हाणला. धाड! मातीचं ढलपं खाली पडलं. अख्खी पेठ श्वास धरून उभी राहिली. आता शिवी येणार. आता येणार.

आली नाही.

इर्शादनं पुन्हा हाणला. या वेळी बॉल परतून त्याच्या पायाशी आला तरी त्यानं तो अडवला नाही, तो मागे गाड्यांखाली गेला. शेवंताकाकूंनी हंबरडा फोडला. कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली. बंडा मघापासून माझ्या शेजारी होता, तो डोळे पुसत गर्दीतून निघून गेला.

"फोडा," मी म्हणालो.

दोघा बॅकनी खांदे लावले. तिसऱ्या धक्क्याला आतली कडी कोयंड्यासकट निखळली आणि दार उघडलं. मीच पहिला आत गेलो. वस्ताद खाटेवर उताणे पडले होते, छातीपर्यंत वाकळ, डोळे मिटलेले. मी पायाला हात लावला. पाय गरम होता.

वस्तादांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"दार कुनी मोडलं?"

 मी तसाच त्यांचा पाय धरून खाली बसलो आणि रडलो. मागून इर्शाद आत आला, त्याच्यामागून बाकीची पोरं. खोलीभर चिखलाचे बूट झाले. वस्ताद ताडकन उठून बसले.

"बुटं घालून घरात? सुक्काळीच्यांनो, भायेर व्हा! बापाचं घर हाय व्हय रं तुमच्या?"

बाहेरच्या लोकांनी ती शिवी ऐकली आणि असा गलका उठला की फायनल जिंकल्यावर उठला नव्हता. पोरं हसत, रडत, एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर धावली. शेवंताकाकू वस्तादांना म्हणाल्या, "मेल्या, जिता हाईस तर बोलायला काय झालं हुतं?" आणि भाकरी खाटेवर आदळून घरी गेल्या. मग लगेच परत येऊन आमटी ठेवून गेल्या.

पोरं जी बाहेर गेली ती सरळ मैदानात. इर्शादनं गाडीखालचा बॉल काढला. गाडीवाल्यांनी आपणहून गाड्या काढल्या. हे कसं झालं ते देवाला ठाऊक, कारण इतकी वर्षं हात जोडूनही कुणी काढत नव्हतं. वस्ताद पायरीवर येऊन बसले आणि एकेकाचं नाव घेऊन उद्धार करायला लागले. कट्टा भरला. चहाची किटली आली. तासभर असा खेळ झाला की काय सांगू.

उदाजीराव माझ्यापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "सेक्रेटरी, आजचं ठीक. उद्यापासून हे चालायचं नाही."

"नाही चालायचं," मी म्हणालो. त्यांचं चूक नव्हतं. उद्या गाड्या परत येणार होत्या.

अकराच्या सुमाराला वस्ताद चहाला चौकात निघाले, मी बरोबर होतो. फळ्यापाशी थांबले. बंडा गर्दीतून रडत निघून गेला होता तो थेट इथे आला होता. 'तालमीचा आधारवड हरपला. ज्ञानू वस्ताद यांना भावपूर्ण श्रद्धांजली. वय पंच्याहत्तर.' खाली तारीख, दोन्ही बाजूंना समया, आणि पोपटी खडूनं झाड. आमच्या पेठेत बातमी खरी की खोटी हे नंतर बघतात, आधी अक्षर चांगलं काढतात. बंडा खाली मान घालून ओला बोळा हातात धरून उभा.

वस्तादांनी सगळं वाचलं.

"पंच्याहत्तर कुनी सांगितलं? एकाहत्तर हाय मी."

"चुकलं वस्ताद. पुसतो."

"थांब. आधारवड काय? झाड हाय व्हय रं मी?"

"पुसतो म्हटलं न्हवं."

"समया बऱ्या काढल्यास," वस्ताद म्हणाले. "ऱ्हाऊ दे सगळं. फकस्त तारीख पूस."

चौक हसून हसून बेजार झाला. ही गोष्ट पेठेत अजून सांगतात आणि इथेच संपवतात. मीही चारचौघांत इथेच संपवत आलो. टीम दुसऱ्या दिवशी केर्लीला गेली, आजही तिकडेच आहे, आणि तिकडे गेल्यापासून तीनदा चषक आणला. मैदानावर आता नुसत्या गाड्या आहेत. वस्ताद त्यानंतर बरीच वर्षं जगले, शेवंताकाकूंच्याही मागे. काकूंचा शाप खोटा ठरला म्हणून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

पण त्या दिवशी संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये नवी कडी बनवली आणि वस्तादांकडे गेलो. चौकट तडकली होती, ती आधी ठोकून बसवली. वस्ताद खाटेवर बसून मला सांगत होते, खिळा तिरका जातोय, हात सरळ धर. कामाच्या भरात मी म्हणालो, "वस्ताद, एवढी झोप? आमी काय काय समजलो."

 मी वळून बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"झोप कसली," ते म्हणाले. "चारलाच जाग आली. आंगूळ केली. तालमीतल्या मारुतीला पानी घातलं. तुमची बस लागल्याली ऐकली, गेल्याली ऐकली. मग म्हटलं आता काय करायचं? परत येऊन आडवा झालो."

माझा हातोडा हातातच राहिला.

"म्हंजे काकूंच्या हाका..."

"ऐकल्या."

"मी हाक मारली ती?"

"ती बी. आनि इर्शाद्यानं बॉल हानला, त्यो बी ऐकला."

"मग वस्ताद, एक शिवी तर द्यायची! माझा जीव गेला हुता हितं."

"आल्ती की तोंडापातूर," वस्ताद म्हणाले. आवाज अगदी साधा, लसणाबद्दल बोलावं तसा. "गिळली. म्हटलं, शिवी दिली की कळंल, म्हातारा जिता हाय. मग काय, बसशीला बसमधी आनि जाशीला परत."

 सकाळी त्यांचा पाय धरून रडलो होतो. आता तेही जमेना. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हेही मागणं नव्हतं, नुसतं सांगणं होतं. मी उगाच कडी उचलली, फळीवर धरली, कुठे बसवायची ते खुणेनं बघायला लागलो.

"कडी बसवू नगंस," ते म्हणाले.

"का? रात्रीचं दार उघडं ठेवून झोपणार?"

"आता रोज दार मोडाय कुठनं येनार तुमी?"

मी कडी पिशवीत टाकली, हातोडा टाकला. निघताना दार नुसतं लोटून घेतलं.